काम बाहेर दिलं की कारखान्याची उत्पादकता वाढते का? गोव्यातल्या उद्योजकांचे आणि कामगारांचे नेहमीचे प्रश्न

कुंडई, बेतोडा, होंडा, थिवी, वेर्णा, कुठल्याही औद्योगिक एस्टेटमध्ये गेलात तरी हा विषय निघतोच: हे काम आत करायचं की बाहेर द्यायचं? फोंडा तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी उत्पादन नियोजनात बरीच वर्षं काढली. आता छोट्या युनिटना त्यांचे हिशोब लावायला मदत करतो. त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात ते इथे एकत्र केले आहेत. घाईत घेतलेल्या अशा निर्णयांमुळे चांगली युनिट अडचणीत आलेली मी पाहिली आहेत, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

जॉबवर्क, कंत्राटी कामगार, आयात, हे सगळं आउटसोर्सिंगच का?

सगळ्याला नाव एकच आहे, पण परिणाम वेगवेगळे आहेत. आपला माल दुसऱ्याकडे पाठवून त्यावर फक्त प्रक्रिया करून घेणं म्हणजे जॉबवर्क. प्लेटिंग, पावडर कोटिंग, हीट ट्रीटमेंट यात येतात. आधी स्वतः बनवत होतो तो भाग आता तयार विकत घेणं हा दुसरा प्रकार. शेड आपली, मशीन आपलं, पण माणूस कंत्राटदाराच्या मस्टरवर, हा तिसरा. कँटीन, सुरक्षा, कामगारांच्या बसगाड्या, पगारपत्रकं, संगणकाची देखभाल अशा सेवा बाहेरून घेणं हा चौथा. भाग आणि सेवा देशातूनही घेता येतात, परदेशातूनही. ‘आउटसोर्सिंग फायद्याचं का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, यातलं कुठलं?

उत्पादकता नेमकी कशी मोजायची?

दर माणशी किती माल निघाला, हे मोजणं सोपं असतं आणि त्यातच फसगत होते. त्यापेक्षा मूल्यवर्धन धरा: विक्रीतून कच्चा माल, वीज आणि बाहेरून घेतलेल्या सेवा वजा केल्यावर उरतं ते. त्याला माणसांनी भागलं की श्रम-उत्पादकता मिळते. माणसं, यंत्रं, माल असं जे जे लागलं त्या सगळ्याच्या तुलनेत किती निघालं, ती एकूण घटक उत्पादकता. छोट्या युनिटला ही दुसरी काढणं अवघड जातं, पण निदान पहिली नीट काढावी.

काम बाहेर दिलं त्याच महिन्यात आमचा माणशी आकडा वाढला. ही वाढ खरी का?

बहुतेक वेळा नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ.

एका कारखान्याची वर्षाची विक्री १० कोटी, माल आणि विजेवर खर्च ६ कोटी, माणसं ५०. मूल्यवर्धन ४ कोटी, म्हणजे माणशी ८ लाख. आता पॅकिंग आणि साफसफाईची १० माणसं कमी करून ते काम कंत्राटदाराला वर्षाला ३५ लाखांत दिलं. मूल्यवर्धन झालं ३ कोटी ६५ लाख, माणसं उरली ४०. माणशी आकडा ९ लाख १२ हजारांच्या वर गेला, साधारण १४ टक्के वाढ. माणशी विक्री धरली तर ती २० लाखांवरून २५ लाख होते, म्हणजे २५ टक्के वाढ. प्रत्यक्षात मात्र पॅकिंग टेबलावर माणसं तेवढीच आहेत, खोकी तेवढीच भरली जात आहेत. कंत्राटदाराची १० माणसं आणि त्याचे ३५ लाख परत हिशोबात धरले की आकडा पुन्हा ८ लाखांवर येतो.

देशांच्या आकडेवारीतही हेच घडतं. अमेरिकेत कामगार पुरवणाऱ्या संस्थांमार्फत आलेली माणसं सेवाक्षेत्रात मोजली जातात, त्यांनी तयार केलेला माल मात्र कारखान्याच्या खात्यावर दिसतो. अर्थतज्ज्ञ सुझन हाउसमन यांनी या मोजणीवर बरंच काम केलं आहे. स्वस्त आयात भागांमुळेही असाच फरक पडतो. किंमत उतरल्याची नोंद नीट होत नाही आणि कारखाना कमी मालात जास्त उत्पादन काढतोय असं भासतं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार १९९७ ते २००७ या काळात अमेरिकी कारखानदारीची एकूण घटक उत्पादकता यामुळे वर्षाला ०.१ ते ०.२ टक्के-बिंदूंनी फुगून दिसली. आकडा लहान वाटतो, पण दहा वर्षं साचत जातो.

म्हणून माझा आग्रह असतो की माणशी हिशोब करताना कंत्राटदाराची माणसंही मोजा. बँकेला दाखवायला वेगळा कागद ठेवा हवा तर, पण स्वतःच्या टेबलावर हा खरा आकडा असू द्या.

मग खरी वाढ कुठून येते?

माझ्या पाहण्यात तीन ठिकाणांहून.

पहिलं, दुसऱ्याच्या सरावातून. झिंक प्लेटिंगचं काम आठवड्यातून दोनदा करणारा कारखाना आणि रोज तीन पाळ्या तेच करणारा प्लेटर यांची बरोबरी होत नाही. त्याची टाकी सतत भरलेली असते, द्रावणाची चाचणी रोज होते, सांडपाण्याची व्यवस्था तेवढ्यासाठीच उभारलेली असते.

दुसरं, अडणाऱ्या मशीनमधून. प्रत्येक कारखान्यात एखादं मशीन असं असतं की सगळा माल त्याच्यापुढे रांगेत थांबतो. त्या मशीनवरचं साधं काम बाहेर दिलं आणि तिथे अवघड काम चढवलं, तर संपूर्ण कारखान्याचा माल वाढतो. न अडणाऱ्या मशीनवरचं काम बाहेर दिलं तर ते मशीन नुसतं रिकामं बसतं.

तिसरं, मोकळ्या झालेल्या माणसांकडून. कंत्राट दिल्यावर आपले सुपरवायझर मशीनच्या सेटिंगचा वेळ कमी करायला लागले, रिजेक्शन (नापास होणारा माल) शोधायला लागले, तर ती कमाई कायमची असते.

रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये साधा वाटणारा प्रश्न विचारला होता: बाजारात सगळं विकत मिळतं, तर कंपन्या असतात तरी कशाला? त्यांचं उत्तर असं की बाजारातून घेण्यालाही खर्च असतो. माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, माल तपासा, भांडण झालं तर निस्तरा. हा खर्च आत करण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल तिथेच बाहेरून घ्यावं. १९९१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एस्टेटमधल्या कुठल्याही खरेदी अधिकाऱ्याला हा खर्च तोंडपाठ असतो, फक्त कॉस्टिंगच्या कागदावर तो उतरलेला नसतो.

व्हेंडरचा भाव आमच्या खर्चापेक्षा कमी आहे. देऊन टाकावं का?

थांबा, आधी तुमच्या खर्चाचा कागद उलगडा. समजा एका नगाचा तुमचा खर्च ११८ रुपये निघतो आणि व्हेंडर ९६ सांगतो. २२ रुपये वाचले असं वाटतं. पण त्या ११८ मध्ये शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, विजेचा स्थिर आकार असे ३० रुपये असतील, तर काम बाहेर गेल्यावर ते कमी होत नाहीत, उरलेल्या मालावर जाऊन बसतात. खरोखर वाचतात ते ८८ रुपये. मोजायचे ९६. म्हणजे नगामागे ८ रुपये तोटा. वाहतूक, आवक तपासणी, रिजेक्शन आणि जास्तीच्या साठ्यात अडकलेलं भांडवल त्यात अजून धरलेलंच नाही.

हा सौदा तेव्हाच परवडतो, जेव्हा मोकळ्या झालेल्या मशीनवर नगामागे त्याहून जास्त कमाई देणारं काम तुमच्या हातात असतं. ऑर्डर येईल या आशेवर नव्हे, ऑर्डर हातात असताना.

मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. टर्निंगचं (लेथवर धातू कापण्याचं) काम बाहेर दिलं, कागदावर बचत दाखवली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. सहा महिन्यांनी लक्षात आलं की आमचे दोन लेथ धूळ खात पडले होते आणि उरलेल्या प्रत्येक नगाचा खर्च वाढला होता.

बेळगाव-कोल्हापूरला काम पाठवताना कशाचा विचार करावा?

ओतकामासाठी आपली नजर सहज त्या दोन शहरांकडे जाते. तिथे फाउंड्रींची परंपरा आहे, पॅटर्न बनवणारा, ओतणारा, मशीनिंग करणारा एकाच भागात सापडतो. ही जवळीक हीच त्यांची ताकद आहे.

आपल्यासाठी मधे घाट आहे. चोर्ला, अनमोड, आंबोली. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा जड वाहनांना बंदी आली की कास्टिंगचा (ओतीव भागांचा) ट्रक लांबच्या वाटेने येतो. आमची असेंब्ली लाइन अशीच एका जुलैत दोन दिवस उभी राहिली होती, एका ३ किलोच्या कास्टिंगसाठी. त्यानंतर आम्ही मे अखेरीस बारा दिवसांचा साठा भरून ठेवायला लागलो. तो साठाही खर्चच आहे आणि तो व्हेंडरच्या भावातच धरायला हवा.

चवथीचाही विचार करा. त्या आठवड्यात गोव्यातल्या कारखान्यातला निम्मा माणूस गावच्या घरी गणपतीवरची माटोळी बांधत असतो. माल येऊन पडतो, उतरवायला माणूस नसतो. घाटापलीकडच्या व्हेंडरला आपलं सुट्ट्यांचं कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवावं, त्याचं मागून घ्यावं.

परदेशातून भाग किंवा सेवा घेतल्याने उत्पादकता वाढते असं संशोधन सांगतं का?

हो, बऱ्याच ठिकाणी सांगतं. मेरी अमिती आणि शांग-जिन वेई यांनी अमेरिकेतल्या कारखानदारीचा १९९२ ते २००० या काळाचा अभ्यास केला. श्रम-उत्पादकतेत जी वाढ झाली तिच्यातला सुमारे १० टक्के वाटा परदेशातून घेतलेल्या सेवांचा निघाला, परदेशी भागांचा सुमारे ५ टक्के. सेवांचा वाटा मोठा निघाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण मात्र वाद घालतो तो कायम भागांवर.

भारताचा अनुभव आपल्याला आणखी जवळचा. १९९१ नंतर आयात शुल्क उतरलं आणि पूर्वी न मिळणारे भाग, रसायनं, यंत्रांचे घटक इथल्या कारखान्यांना मिळू लागले. गोल्डबर्ग, खंडेलवाल, पावच्निक आणि टोपालोवा यांच्या २०१० मधल्या अभ्यासानुसार त्या काळात भारतीय कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली, त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांमागे कच्च्या मालावरचं उतरलेलं शुल्क होतं. फायदा नुसता स्वस्ताईचा नव्हता. जो बेअरिंग इथे मिळतच नव्हता तो मिळाला, म्हणून जो पंप बनतच नव्हता तो बनू लागला. देशात स्वस्त मिळतो म्हणून भाग बाहेरून घेणं आणि देशात मिळतच नाही म्हणून आयात करणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

गोव्यातल्या औषध कारखान्यांचं काय?

गोव्यात या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण तेच आहे. वेर्ण्यापासून पिळर्णपर्यंत गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं बनतात. देशात आयात होणाऱ्या मूळ औषधद्रव्यांचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. कित्येक वर्षं हे व्यवहाराला धरूनच होतं. द्रव्य तिथे स्वस्त, आपलं कौशल्य फॉर्म्युलेशनमध्ये (द्रव्यापासून तयार औषध बनवण्यात), गुणवत्तेच्या कागदपत्रांमध्ये आणि कडक परदेशी तपासण्या पार करण्यात.

२०२० च्या सुरुवातीला चीनमधले कारखाने बंद पडले तेव्हा या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. ३ मार्च २०२० रोजी भारताने २६ औषधद्रव्यं आणि त्यांपासून बनणाऱ्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याच वर्षी मूळ द्रव्यं देशात बनावीत म्हणून ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. स्वस्त पुरवठ्यामुळे वर्षानुवर्षं वाढलेली उत्पादकता एका तिमाहीत कशी अडकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

औषधांत देशांतर्गत आउटसोर्सिंगही जुनं आहे. लोन लायसन्सवर एक कंपनी दुसऱ्याच्या कारखान्यात आपलं औषध बनवून घेते. छोट्या कारखान्याला यातून मशीनचे तास भरायला काम मिळतं. पण सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे दर्जाचे नियम, आल्यापासून हवा, पाणी, नोंदी, प्रमाणीकरण या सगळ्यावरचा खर्च वाढला आहे. आता दुसऱ्याचं काम घेताना मशीनच्या तासांइतकाच दस्तऐवजांच्या तासांचाही भाव लावा. तो लावायला विसरलेली युनिट दिवसरात्र राबतात आणि वर्षाअखेरी हातात काही उरत नाही.

जहाज उशिरा आलं तर?

गोव्यातला बराचसा कंटेनर माल न्हावा शेवामार्गे ये-जा करतो, म्हणजे समुद्राच्या जोडीला रस्त्याचा प्रवास आलाच. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा सहा दिवस अडला होता. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. आयात भागावर ज्यांची लाइन चालते त्यांनी दुसरा पुरवठादार मंजूर करून ठेवावा, मग तो थोडा महाग असला तरी चालेल. वर्षाला एक छोटी ऑर्डर त्याला द्यावी, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो ओळख दाखवतो.

कंत्राटी कामगार लावल्याने उत्पादकता वाढते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे.

ऑर्डर चढ-उताराची असेल तर काही महिन्यांसाठी जास्त हात मिळणं उपयोगी ठरतं, हे मी नाकारत नाही. पण वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या कारखान्यांतल्या कामगारांपैकी ४० टक्क्यांहून जास्त कंत्राटी होते. इतकं प्रमाण चढ-उतारापोटी असू शकत नाही. कायमच्या कामावर तात्पुरती माणसं आहेत, हाच त्याचा अर्थ.

आमच्या प्रेस शॉपमध्ये ओडिशाचा एक मुलगा होता. पंचिंगचा आवाज किंचित बदलला की तो हात वर करायचा. म्हणायचा, डाय (पत्रा कापणारा साचा) बोथट होतेय, धारेला उतरवा. बर (कडेला उरलेली धातूची कुसळं) आलेला एकही नग पुढे जायचा नाही. कंत्राट बदललं, नव्या कंत्राटदाराने आपली माणसं आणली, तो गेला. पुढच्या चार महिन्यांत आमचं रिवर्क इतकं वाढलं की बर काढायला दोन माणसं वेगळी लावावी लागली. दर दिवशी काही रुपये वाचवले आणि कान गमावला.

जर्मनीत साफसफाई, सुरक्षा, कँटीन, मालवाहतूक ही कामं कंपन्यांनी बाहेर दिली तेव्हा त्याच कामाचं वेतन सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घसरल्याचं गोल्डश्मिट आणि श्मीडर यांनी २०१७ मध्ये दाखवलं. म्हणजे मालकाची बचत पुष्कळदा कामगाराच्या खिशातून आलेली असते. त्याला उत्पादकता म्हणणं चूक आहे.

कायद्याच्या बाजूने एवढं ध्यानात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे, ठरावीक अपवाद सोडून. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो. कामगारांनो, पगारपत्रक, ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

मी स्वतः व्हेंडर आहे. मोठ्या कंपनीकडून पैसेच वेळेवर येत नाहीत.

२००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असायला हवी. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. आयकरातली तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्याच वर्षी वजावटीला मिळतो. मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागाला ही गोष्ट लगेच कळते, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

थकलेल्या पैशाचा उत्पादकतेशी थेट संबंध आहे. पैसे अडकले की व्हेंडर टूल बदलायचं पुढे ढकलतो, मग माप सरकतं, मग तुमचंच रिजेक्शन वाढतं.

जॉबवर्कला माल पाठवताना जीएसटीचं काय बघायचं?

डिलिव्हरी चलन करा. कच्चा माल एका वर्षाच्या आत आणि यंत्रसामग्री तीन वर्षांच्या आत परत आली पाहिजे. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत लागू नाही. त्यांची यादी मात्र वेगळी ठेवा आणि प्रत्येक डायवर आपलं नाव कोरून ठेवा.

कुठलं काम कधीच बाहेर देऊ नये?

ज्यातून गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं ते. आणि ज्याची तपासणी तुम्हाला स्वतःला करता येत नाही ते.

बोइंगने ७८७ विमानाचे मोठमोठे भाग जपान, इटली आणि अमेरिकेतल्या पुरवठादारांना दिले, जुळणीपासून तपशीलवार रचनेपर्यंत. पहिलं विमान २००८ मध्ये जायचं होतं, ते गेलं सप्टेंबर २०११ मध्ये. मधल्या काळात, २००९ साली, साउथ कॅरोलायनातला एका पुरवठादाराचा कारखाना त्यांना विकत घ्यावा लागला.

याच्या समोर टोयोटा ठेवा. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ फक्त तिथेच बनायचा, साठा नगण्य. टोयोटाचे कारखाने थांबले. पण डझनावारी पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि साधारण आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. कामं टोयोटानेही बाहेरच दिली होती. तरी तिच्या अभियंत्यांना पुरवठादारांची मशीन माहीत होती, पुरवठादारांना एकमेकांची, आणि नात्यात इतका विश्वास होता की भाव नंतर ठरवू म्हणून लोक कामाला लागले.

एकदा बाहेर दिलेलं काम परत आत आणता येतं का?

येतं, पण वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. आम्ही बाहेर दिलेलं ते टर्निंग चार वर्षांनी परत आणलं. डाय आणि फिक्स्चर आमचेच होते म्हणून निदान तिथे वाद झाला नाही. तरीही आठ महिने गेले. व्हेंडरने मधल्या काळात दोन मापं किंचित बदलली होती, असेंब्ली नीट बसावी म्हणून, चांगल्या हेतूने. आमच्या ड्रॉइंगवर त्याची नोंदच नव्हती. नव्या मुलांनी ड्रॉइंगप्रमाणे अचूक नग काढले आणि ते बसेनात.

शेवटी आमच्या निवृत्त झालेल्या टर्नर काकांना डिचोलीहून बोलावलं. ते तीन आठवडे रोज आले. पहिल्याच दिवशी त्यांनी ड्रॉइंग बाजूला ठेवलं, स्टोअरमधून व्हेंडरने दिलेले जुने वीस नग मागवले, मायक्रोमीटर घेतला आणि मुलांना म्हणाले, आधी हे मोजा.